दादा वर असताना

दादा लंडनच्या इस्पितळात डॉक्टर होता. आईने अंथरूण धरल्याची तार त्याला गेली. बोटीने यायला तीन आठवडे लागले असते, म्हणून तो विमानाने निघाला. तशी त्याची तार आली तेव्हा आई शुद्धीवर होती. तिला एकदा त्याचं तोंड पाहायचं होतं, बाकी काही नाही.

वडील शाळामास्तर. त्यांनी नकाशावर लंडनपासून कराचीपर्यंत दोरा ताणला. म्हणाले, "सरळ धरलं तर चार हजार मैल. वाटेत तळ घेत घेत सहा दिवस. मग कराचीहून आगगाडी."

माणूस प्रवासाला निघाला की तो वेस ओलांडेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी झाडू उचलला तर आई म्हणाली, "ठेव तो. आभाळाला वेस कुठली? तो जमिनीला लागेपर्यंत थांब."

वडील हसले. "अगं, विमान रोज रात्री खाली उतरतं. तेव्हा काढू दे पोरीला."

"दिवेलागणीनंतर केर काढतात का? एवढे मास्तर तुम्ही."

"मग काढायचा कधी?"

"तो आल्यावर."

केर साठत गेला. आईचे गळलेले केस, काढ्याचा चोथा, अंगणातून उडून आलेला कडुनिंबाचा पाला. येणारी-जाणारी बघायची, मला शरम वाटायची. पण मी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, तेव्हाही झाडूला हात लावला नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी नकाशा वाचता यायचा. आई रोज सकाळी विचारायची, "आज कुठे असेल?" मी दोऱ्यावर बोट ठेवून सांगायची. पाचव्या सकाळी म्हटलं, "बसऱ्याला असेल."

"म्हणजे जवळ आला," ती म्हणाली, आणि दुपारी गेली.

मुलगा वाटेवर, म्हणून अग्नी वडिलांनीच दिला. देशोदेशीची माणसं आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन आमच्या गंगेवर येतात, आणि आमचा दादा कुठल्या आभाळात होता कोण जाणे.

पुरुषमंडळी आईला घेऊन गेल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्या हाती झाडू दिला. "केर काढून सारवून घे पोरी. तिच्या जागी दिवा लावायचाय."

"काकू, दादा अजून वर आहे," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी भ्रमिष्टासारखं बोलतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी केर काढला. उंबऱ्यापर्यंत आणला, पण बाहेर टाकवेना. कोपऱ्यात गोळा करून वर सूप पालथं घातलं. मग जमीन सारवली, दिवा लावला.

वाळूच्या वादळाने विमान वाटेत अडकलं होतं. आई गेल्यावर चौथ्या दिवशी दादा आला. दिव्यापुढे बराच वेळ बसला, मग सुपाकडे पाहून म्हणाला, "हे काय आहे गं?"

मी सूप उचललं, केर भरला आणि बाहेर टाकून आले.