पाहुण्यांनी मागे ठेवलेलं

फॉरेस्ट रेस्ट हाऊसवर नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप साठत जातात. मागच्या अंगणात रिकाम्या बाटल्या आणि डोक्यात किस्से. दोन्ही पाहुणेच टाकून गेलेले असतात. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून मित्र जमले की मीच ते वाटत बसतो. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगून झाल्यावर बराच वेळ करमत नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. किन्हीराजाच्या अलीकडे, डांबरी सडकेपासून थोडं आत, जिथे सागाचं जंगल संपतं आणि गवताचा माळ सुरू होतो, तिथे आमचं रेस्ट हाऊस. मी कारकून. गावंडे साहेब राउंड ऑफिसर, म्हणजे त्या टापूतल्या जंगलाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. आणि सुदामभाऊ इंगळे खानसामा. ते आणि त्यांची बायको गयाबाई मागच्या खोलीत राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण. बोलायला सुदामभाऊ एकदम तिखट, स्वयंपाकापेक्षाही.

*

शिकारबंदीचा नवा कायदा आला तेव्हा गावंडे साहेबांना फार आनंद झाला. त्यांनी सडकेच्या फाट्यावर मोठा बोर्ड लावून घेतला, 'येथे शिकार करण्यास सक्त मनाई आहे'. पेंटर खास वाशिमहून आणला होता.

आठवडा झाला नसेल, बोर्डाला छर्ऱ्यांनी भोकं पडली. साहेब हळहळत म्हणाले, "अडाणी लोक. वाचता येत नाही, दुसरं काय."

सुदामभाऊंनी जवळ जाऊन बोर्ड नीट पाहिला.

"नाई सायेब, वाचता येते त्याइले. नेम बराबर 'मनाई'वरच धरला हाय."

साहेबांनी बोर्ड पुन्हा रंगवून घेतला नाही.

*

अकोल्याहून एक कुटुंब हरणं बघायला आलं. बरोबर ट्रान्झिस्टर. सकाळपासून माळावर सतरंजी टाकून बसले आणि फुल आवाजात गाणी लावली. दुपारी घरातले कर्ते गृहस्थ तणतणत ऑफिसात आले. एवढ्या लांबून आलो आणि एक हरीण नाही, तुमचे गार्ड लोक हाकारून आणत का नाहीत, म्हणून माझ्यावर घसरले. मी खाली मान घालून ऐकून घेतलं, नोकरीच तशी.

सुदामभाऊ पाणी घेऊन आले होते. ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या टायमाले कोन्ते गाने लावनार हाय ते आधी कळवा. तसे हरनं बोलावून ठेवतो."

पाहुणे गेल्यावर माळावर केळीची सालं, कागद आणि एक फुटकी बरणी राहिली. ते सगळं गयाबाईंनी वेचलं. वेचताना त्यांचा हात कापला आणि आठवडाभर त्यांना भाकरी थापता आली नाही. हा भाग मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण इथे कोणी हसत नाही.

*

एकदा पाहुण्यांनी वनस्पती तुपाचा डबा नाल्याकाठी टाकला. तळाशी थोडं तूप असावं. कोल्ह्याने त्यात तोंड घातलं आणि डोकं अडकलं. दिवस मावळताना दगडांवर पत्रा आपटल्याचा आवाज यायचा. जवळच्या वस्तीतल्या लोकांनी भूत म्हणून दारं लावून घ्यायला सुरुवात केली. आम्हीही शोधलं, पण आवाज एका जागी थांबत नव्हता. मग एके दिवशी तो बंद झाला. कोल्हा नाल्यातच सापडला, पाण्याच्या अगदी काठावर. पाणी समोर होतं आणि तोंड डब्यात.

पुढच्या महिन्यात तेच पाहुणे पुन्हा आले. जेवण झाल्यावर त्यातला एकजण आठवण झाल्यासारखं म्हणाला, "अरे हो, मागच्या वेळी आमचा एक डबा राहिला होता. आहे का?"

गावंडे साहेब उठून बाहेर गेले. माणूस भला होता, पण त्याला भांडता येत नसे.

*

वरून मोठे साहेब आले, वन्यप्राण्यांवर भाषण द्यायला. आंब्याखाली सभा झाली. किन्हीराजातून शाळेची पोरं आणली होती. पशुपक्षी आपले बांधव आहेत वगैरे साहेब फार चांगलं बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात निरोप आला, जेवणात तितर होऊन जाऊ द्या.

सुदामभाऊंनी भरली वांगी वाढली.

"आणि तितर?" साहेबांनी विचारलं.

"व्हते सायेब. तेबी सभेले आल्ते. तुमचं भाषन आयकलं अन् भरोसा ठेवून उडून गेले."

आम्ही हसू दाबत पानाकडे बघत बसलो. साहेब हसले नाहीत. सुदामभाऊंना नोकरीत कायम करायचा कागद त्या वर्षी पुढे सरकला नाही. नंतरही नाही.

*

आता मुन्नाचं सांगतो.

एका मोटारवाल्या कुटुंबाला सडकेकडेच्या गवतात हरणाचं पाडस दिसलं. एकटंच, गुपचूप बसलेलं. त्यांना वाटलं, आईने टाकलं. उचलून गाडीत घातलं आणि आमच्याकडे आणून दिलं. हरणी चरायला जाताना पिलू गवतात लपवते आणि परत येते, हे गावंडे साहेबांनी त्यांना सांगितलं. कुठून उचललं, विचारलं. ते म्हणाले, सगळं गवत सारखंच दिसतं हो. पाडसाबरोबर फोटो काढून ते निघून गेले.

गयाबाईंनी शेळीच्या दुधावर ते जगवलं. नाव ठेवलं मुन्ना. मुन्ना सुदामभाऊंच्या मागे मागे स्वयंपाकघरात यायचा. पाहुण्यांना त्याचं भारी कौतुक. जीपमधून बिस्किटं दाखवली की धावत यायचा. नका देऊ, माणसाची सवय लागेल, असं सुदामभाऊ प्रत्येकाला सांगत. प्रत्येकजण हो म्हणे आणि बिस्किट देई.

मुन्ना माळावर जायला लागला तशी आम्हाला बंदुकांची धास्ती वाटू लागली. गावंडे साहेबांनी तोड काढली. गळ्यात घंटी बांधा, म्हणजे पाळलेलं आहे हे लांबूनच कळेल. सुदामभाऊंची सासुरवाडी अनसिंगची. तिथल्या बाजारातून त्यांनी पितळी घंटी आणली आणि चामड्याच्या पट्ट्यात ओवून बांधली. उपाय लागू पडला. एकदा सडकेवर जीप थांबली, बंदूक वर झाली, घंटी वाजली आणि बंदूक खाली आली. हे मी स्वतः पाहिलं.

पण मुन्ना मोठा झाला. शिंगांना पीळ पडले, पाठ काळी पडू लागली. माळावर कळप उतरला की तो तिकडे धावायचा. तो धावला की घंटी वाजायची आणि घंटी वाजली की कळप पळायचा. हा मागे, ते पुढे. शेवटी मुन्ना एकटाच मोकळ्या माळावर उभा राहायचा. असं रोज. संध्याकाळी परत आला की गयाबाईंच्या हातचंही खात नसे. बघवत नव्हतं ते.

सुदामभाऊ घंटी काढायला निघाले तेव्हा साहेबांनी त्यांना अडवलं. "सुदाम, घंटी आहे म्हणून तो जिवंत आहे."

"व्हय सायेब. पन जिता राहून तो करून काय राह्यला?"

साहेब बाजूला झाले. सुदामभाऊंनी पट्टा कापला. मानेवर त्याचा वळ पडला होता. पुढे तिथे पांढरे केस आले, काळ्या मानेत पांढरं कडं घातल्यासारखे. घंटी त्यांनी घासूनपुसून तसबिरीखालच्या फळीवर ठेवली.

कळपाने मुन्नाला घेतलं. त्या हिवाळ्यात आम्ही रोज व्हरांड्यातून बघायचो. गयाबाई म्हणत, तो बघा. आम्हाला लांबून सगळी हरणं सारखीच दिसत, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायला बरं वाटायचं. तेवढे दिवस रेस्ट हाऊसवर कोणी कोणावर चिडलं नाही.

हिवाळा सरता सरता एक जीप आली. वजनदार लोक होते, साहेबांनीही हात जोडावेत असे. साहेब त्या दिवशी वाशिमला गेले होते. पाहुणे माळावर फिरून संध्याकाळी परतले. त्यांनी एक पोतं स्वयंपाकघराच्या दारात टाकलं. मटण झणझणीत होऊ द्या म्हणाले, आणि मुंडकं जपून ठेवा, शिंगं दिवाणखान्यात लावायची आहेत.

व्हरांड्यात ते खुशीत होते. एकजण मला सांगू लागला, "अजब जनावर होतं हो. बाकीची पळाली. हे जीप बघून उलट जवळ आलं."

मी स्वयंपाकघरात गेलो. सुदामभाऊ पोत्यापाशी बसले होते. पोतं मानेपर्यंत उघडलेलं होतं. गयाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. सुदामभाऊ म्हणाले, "जा बाबू, त्याइले सांगा, वाढतो मनून."

त्यांनी टेबल नेहमीसारखं नीट लावलं. ताटं, वाट्या, पाण्याचे पेले. मधोमध झाकलेलं मोठं भांडं ठेवलं आणि बाजूला उभे राहिले.

पाहुण्यांनी झाकण उचललं. आत घंटी होती.

"हे काय आहे?"

"त्याचीच हाय सायेब," सुदामभाऊ म्हणाले. "तुमाले आयकू आली नसंन."