चाचांचा डावा तळहात

नळदुर्गजवळ हायवेला माझं शेड आहे. तिथं आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवून देतो. यादीशिवाय मी भाजी आणायलासुद्धा जात नाही. रंग फवारायचं नवं मशीन आलं त्या सकाळच्या यादीत पहिलंच काम होतं : चाचांचा हात.

चाचा आमचे पेंटर, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. जुन्या गनचा पहिला फवारा ते डाव्या तळहातावर मारत. रंग पातळ आहे की घट्ट, पट्टा सरळ पडतो की तिरका, सगळं त्यांना हातावर कळायचं. पण नव्या मशीनचा दाब कितीतरी जास्त. त्याचा रंग कातडीवर बसत नाही, आत घुसतो. टोचल्यासारखं वाटतं, फार दुखतही नाही, आणि दवाखान्यात जायला उशीर झाला तर बोट कापावं लागतं.

मी सूचना लिहून भिंतीला चिकटवल्या आणि मोठ्यानं वाचल्या.

"बेटी, ही लिस्ट मशीनला वाचून दाखव. मला रंग कळतो."

"रंग कळतो हो चाचा. हे मशीन कुठं कळलंय अजून?"

त्यांनी मास्क लावला, चष्मा चढवला, गन उचलली आणि सवयीनं डावा हात नोझलपुढे आणला. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

"झालं की बंद," ते हसले. "आता तर बघू दे." हात पुन्हा वर.

"थांबा! गन खाली!"

माझा आवाज ऐकून बाहेरचा चहावाला डोकावला. मी गन काढून घेतली. भाजीच्या पिशवीतलं एक वांगं वाळूच्या ढिगाला टेकवून ठेवलं, चाचांना माझ्या मागं उभं केलं आणि बंद मशीनचा चाप दाबला. फस्स! वांग्यावर तिळाएवढं भोक. सुरीनं चिरलं, तर लाल रंग पार देठापर्यंत पसरलेला.

चाचांनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. "लई आत गेलं गं."

"बटण बंद केलं तरी दाब पाइपात राहतो. आधी तो बादलीत सोडायचा, चाप अडकवायचा, मगच नोझलला हात."

"हे लिवलंय का लिस्टीत?"

"व्हय. तिसऱ्या ओळीत."

"मग वाच परत. सावकाश."

मी पहिल्यापासून वाचलं.

पण तीस वर्षांची सवय एका वांग्यानं जात नाही. दुपारपर्यंत दोनदा त्यांचा हात उचलला गेला आणि अर्ध्यातून परतला. जेवण झाल्यावर त्यांनी भंगारातला एक पत्रा ओढला, त्यावर डावा पंजा ठेवून खडूनं आखला, ब्रशनं लाल भरला आणि पत्रा खांबाला ठोकला.

"आता ह्याला मारतो. ह्याला काय बी होऊ दे."

तेव्हापासून पहिला फवारा तिथं. थरावर थर चढून त्या पंज्याची बोटं जाडजूड झालीत. संध्याकाळी शटर ओढण्याआधी मी यादीतलं शेवटचं काम करते. "चाचा, हात."

ते कुरकुरत तळहात पुढं करतात. कोरा असतो. मी यादीवर खूण करते.