सात घरांच्या गोळ्या

सयाजीकाकांनी बोलणाऱ्यांची यादी केली आणि तिसरं नाव पारूबाईचं घातलं, तेही तिला न विचारता. विचारायचं काय त्यात? मथुराबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, एकवीस वर्षांपासूनची मैत्रीण. ती नाही बोलणार तर कोण बोलणार? माणूस गेल्यावर पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करायचा आणि ज्याला त्याला उभं करून दोन शब्द बोलायला लावायचे, ही त्या वस्तीतल्या बौद्ध घरांची रीत. सयाजीकाका पालिकेतून निवृत्त झाल्यापासून असल्या कार्यक्रमांचा माईक त्यांच्याच हातात असतो, आणि एकदा धरला की तो सुटणं कठीण.

यादी ऐकल्यापासून पारूबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मथुराबाईबद्दल सांगण्यासारख्या शंभर गोष्टी तिच्याजवळ होत्या. पण त्यातली एकच आज सांगायला हवी होती, आणि नेमकी तीच सांगायची तिची छाती होत नव्हती.

मथुराबाई भाकरीवाली. तांबडं फुटायच्या आत तिच्या दोन्ही चुली पेटायच्या. दुपारपर्यंत खानावळींच्या भाकऱ्या, मग तव्याच्या कडेला लावून वाळवलेल्या कडक भाकऱ्या. हात पहिलवानाचा आणि जीभ त्याहून तिखट. देणं तिच्या हाडात होतं, पण गोड बोलून देणं तिला जन्मात जमलं नाही. "घे की गं भवाने, मेल्यावर खाणार हाईस का?" असं म्हणून ती ताट पुढं ढकलायची. समोरच्या घरी बाळंतीण आली आणि त्यांचा गॅस संपला, तेव्हा हिनं स्वतःच्या घरातला भरलेला सिलेंडर उचलून दिला आणि सुनेच्या चहासाठी ओल्या लाकडांशी भांडत बसली. मुलगा दिपक चिडला. "आई, आपलं काय?" तर म्हणाली, "धुरानं डोळं साफ हुत्यात." अशा बाईपुढं कोण काय बोलणार?

पारूबाई माळशिरसकडची, शेतकरी घरातली. नवऱ्याला, हणमंतला, सूतगिरणीत वॉचमनची नोकरी लागली म्हणून सोलापुरात आली, सोबत सासू. खोलीत सामान टाकलं त्याच दिवशी दारात मथुराबाई डबा घेऊन उभी राहिली. तिनं आत पाऊल टाकलं नाही. म्हणाली, "आमच्या हातचं चालतंय का? चालत नसंल तर तसं सांग, मला राग न्हाय. पण उपाशी निजू नगा." सासूनं तोंड फिरवलं. पारूबाईनं डबा घेतला, सासूकडं पाठ करून भाकरी खाल्ली, आणि सासूच्या हुकमानं तो डबा राखेनं तीनदा घासला. भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली. मथुराबाईनं साखर पाहिली, लखलखीत डबा पाहिला, आणि तिला सगळं कळलं. "लई चकाकलाय की गं," ती म्हणाली. "रोज असाच घासून देत जा, माझं काम वाचंल."

पारूबाईला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. पण मैत्री तिथूनच सुरू झाली. सासू शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिला भरवायला मथुराबाईच यायची, आणि म्हातारी तिच्याच हातून खायची.

मथुराबाईचे डबे आळीतल्या किती घरांत फिरत, याचा पत्ता तिलाही नव्हता. कुणाचा ताप, कुणाची सुटलेली नोकरी, कुणाचं नुसतंच भांडण, काहीही निमित्त पुरायचं. आणि प्रत्येक डबा काही ना काही घेऊन परत यायचा. साखर, चार शेंगा, कढीपत्त्याची डहाळी. हिच्या दारातून जाताना हिनं काही दिलं तर ते नाकारायची सोय नव्हती, तसंच हिला दिलेलं हीही नाकारायची नाही. "कुणी मनानं दिल्यालं ठेवून घ्यावं," म्हणायची. "न्हाय म्हटलं की देणाऱ्याचा हात लहान हुतो."

यंदा संक्रांतीनंतर तिचा उजवा खांदा धरला. चाळीस वर्षं पीठ मळलेला हात तो, त्यानं किती सोसायचं? डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून तीन. आराम करा म्हणाला, तेवढं सोडून तिनं सगळं ऐकलं. खांदा दुखतो ही बातमी डब्यांबरोबर घरोघर गेली, आणि पुढच्या खेपेला डबे परत आले ते गोळ्यांची पाकिटं घेऊन.

यात नवल काहीच नव्हतं. या वस्तीत औषध म्हणजे विरजण. एकाच्या घरी उरलं की दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. "मला गुण आला, तू बी घेऊन बघ," एवढी चिठ्ठी पुरते. कुणी गुडघेदुखीच्या वेळच्या गोळ्या पाठवल्या, कुणी दाढ काढली तेव्हाच्या. पारूबाईनं हणमंतच्या कंबरेच्या ऑपरेशननंतर उरलेलं पाकीट घातलं. त्या गोळ्या लई कडक, चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, असं मेडिकलवाल्यानं तेव्हा बजावलं होतं. पारूबाईला वाटलं, कडक म्हणजे चांगल्याच की.

सात घरांची सात पाकिटं जमली. मथुराबाईनं ती पत्र्याच्या एका डबीत ठेवली आणि लग्नघरी सगळ्यांच्या आग्रहाचं थोडं थोडं खावं तशी ती रोज त्या डबीतून घेऊ लागली. आपली डॉक्टरची घ्यायचीच. शिवाय सकाळी सात घरांची एकेक आणि संध्याकाळी परत एकेक. पारूबाईनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढंच नाही, ती हसलीही होती. "आक्का, गोळ्यांचं फोडणीचं वरण करतीस का काय?" मथुराबाईही हसली. "एकीची खाल्ली आन दुसरीची न्हाय, असं कसं करू? पर दुखायचं थांबलंय बघ." आणि उजव्या हातानं तिनं धपाधप भाकरी थापून दाखवली.

दहा-बारा दिवसांत तिला मळमळायला लागलं. जेवणाचा वास नको झाला. मग डोळे पिवळे दिसले. कावीळ! सगळी आळी एका तोंडानं म्हणाली. आणि काविळीला दवाखाना कशाला, मैंदर्गीला औषध मिळतं, हेही एका तोंडानंच. दिपकनं आपला टेम्पो काढला आणि आईला मैंदर्गीपलीकडच्या एका वस्तीवर नेलं. तिथल्या अक्कम्मा नावाच्या औषधवाल्या बाईनं दुधातून कसलासा रस दिला, तेल-मीठ वर्ज्य सांगितलं. दोन दिवसांनी परत नेलं तेव्हा मथुराबाई बोलता बोलता भलतंच बोलायला लागली होती. अक्कम्मानं तिचे डोळे पाहिले, हाताची थरथर पाहिली आणि कानडीतून नको, नको म्हणत दोन्ही हात हलवले. "बेड, बेड! हे माझ्या औषधाचं न्हाय. दवाखान्यात न्ये, आत्ता न्ये." त्या बाईला बोल लावायची सोय नाही. शहाण्यांच्या आळीत जे कुणाला कळलं नाही ते तिला कळलं.

दवाखान्यात बाकावर दिपक आणि त्याच्या शेजारी पारूबाई बसली होती. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. "दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या का? कोणत्या, किती? नीट आठवून सांगा, त्यावर उपचार ठरणार आहे."

"न्हाय मॅडम," दिपक म्हणाला. "डॉक्टरनं लिहून दिल्यात तेवढ्याच."

तो दिवसभर टेम्पोवर. त्याला डबीचा पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईनं पारूबाईकडं पाहिलं. "तुम्ही शेजारच्या ना? तुम्हाला काही माहिती?"

नेमकं तेव्हाच टेबलामागचा माणूस कुणाला तरी सांगत होता, "औषधानं झालं असलं तर पोलिसांना कळवावं लागतं." पारूबाईच्या डोळ्यांपुढं ते कडक पाकीट आलं, त्यावरचं हणमंतचं नाव असलेलं मेडिकलचं लेबल आलं. तिनं मान हलवली. नाही म्हणून.

एवढंच. त्या एका मान हलवण्याला क्षणसुद्धा लागला नाही. पण नंतर ती दुपारभर त्याच बाकावर बसली, डॉक्टरीणबाई चार वेळा समोरून गेली, आणि चारही वेळा पारूबाईनं तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर हणमंतला सांगितलं, तर तो म्हणाला, "गप बस. पाकिटावर माझं नाव हाय."

दुसऱ्या दिवशी सुनेला, बुद्धप्रियाला, पिठाच्या पिंपामागं ती डबी सापडली. तिनं धावत दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईनं पाकिटं पसरली, एकेकावरचं औषधाचं नाव वाचलं. रंग वेगळे, नावं वेगळी, पण बहुतेकांत औषध तेच. दिवसाला पोटात जायला हवं त्याच्या कितीतरी पट जात होतं आणि लिव्हर निकामी झालं होतं. "काल कळलं असतं तर उपचार कालच सुरू केला असता," ती म्हणाली. "वाचल्या असत्या असं म्हणत नाही मी. कदाचित." त्यानंतरच्या दिवशी मथुराबाई गेली.

पोलीस आले, चार ओळी लिहून गेले. डबीतली पाकिटं कुणाची, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. हणमंतच्या नावाचं लेबल गोळ्या काढता काढता फाटून गेलं होतं. सातही घरांत आळी मिळी गुपचिळी. दिपकनं मात्र सगळा दोष स्वतःकडं घेतला. "मी मैंदर्गीला न्हेली. मी दोन दिवस घालवलं. मीच मारली माझ्या आईला." येणाऱ्या-जाणाऱ्याला हे एकच वाक्य. पाच दिवस पोरानं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. बुद्धप्रिया ताट पुढं करायची आणि तो ते तसंच मागं सरकवायचा. आणि सात घरची माणसं त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, "असं मनाला लावून घेऊ नये बाबा." पारूबाईनंही हात फिरवला होता. तो हात आपला आहे याची तिला किळस आली होती.

मांडवात पांढऱ्या फुलांचा हार घातलेला फोटो, पुढं मेणबत्ती. त्रिशरण, पंचशील झालं. शेजारी राहून राहून पारूबाईला ते तोंडपाठ होतं. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा तिचे ओठ आपोआप मिटले.

भाषणं सुरू झाली. मथुराबाईनं किती दिलं, कुणाला दिलं. तिचं कौतुक करायला उभी राहिलेली दोन्ही माणसं त्या सात घरांतलीच होती, आणि दोघांचेही डोळे खरोखर भरले होते. खोटं रडणं असतं तर राग तरी आला असता.

"आता पारूबाई," सयाजीकाका म्हणाले.

ती उभी राहिली. माईक हातात घेतल्यावर तिला फोटो दिसेना, माणसं दिसेनात, फक्त कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसलेला दिपक दिसला.

"आक्कानं मला लई दिलं," ती म्हणाली. "मी तिला गोळ्या दिल्या. डबीतलं एक पाकीट माझं हाय. ती रोज किती खाती ते मला म्हाईत हुतं. दवाखान्यात मला विचारलं तवा मी न्हाय म्हणाले. दिपक, तुज्या दोन दिवसांनी आई गेली न्हाय रं. अक्कम्माच्या दुधानं गेली न्हाय. आमच्या गोळ्यांनी गेली."

मांडवात समोरच्या दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. सयाजीकाका पुढं आले, माईक हळूच ओढून घेतला. "आपल्या पारूबाईंना दुःख अनावर झालंय. बसा बाई. पुढचं नाव..."

"काका," दिपक उठला होता. "तिला बोलू द्या."

सयाजीकाकांच्या हातून माईक सुटला. पण दिपकला माईक नको होता. तो येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"मॅडमनं तुला विचारलं. मी शेजारीच बसलो हुतो. तू मान हलवलीस."

"व्हय."

"का, मावशी?"

"भ्याले. पोलीस ह्यांना न्हेतील म्हणून भ्याले. आक्का आत मरत हुती, आन मी माजं घर बघत बसले."

दिपकनं आईच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम म्हणाल्या, तरी बी वाचली नसती कदाचित."

सगळ्या मांडवाला वाटलं, झालं, पोरानं माफ केलं. पारूबाईलाही ते घेऊन गप बसता आलं असतं. "कदाचित वाचली असती बी," ती म्हणाली.

दिपकनं तिच्याकडं असं पाहिलं की ती दोन पावलं मागं सरली. "घरला जा," तो म्हणाला. "मी बोलवीन तवा ये. तवर दारात येऊ नगंस."

ती गेली. दिवसभर भिंतीपलीकडं भांड्यांचे, माणसांचे आवाज येत राहिले, हिनं दार लावून घेतलं होतं. हणमंत खाटेवर बसून होता. कुणी आलं नाही, तिन्हीसांजेपर्यंत.

मग बुद्धप्रिया आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ये की आत," पारूबाई म्हणाली.

"नको मावशी." ती खाली बघत बोलत होती. "ते जेवले. ताट मागितलं स्वतःहून. जेवता जेवता लई रडले. तुमाला सांगावं वाटलं." आणि ती वळून गेली.

पारूबाई तिथंच खाली बसली. हणमंतनं घाबऱ्या आवाजात विचारलं, "काय म्हणाली ती? आता पोलीस येणार का काय?"

"येऊ द्या," पारूबाई म्हणाली. "दिपक जेवला."