‘इतर’मध्ये टाकलेला फॉर्म

नरहर गेल्या वर्षी निवृत्त होऊन नागपूरला परतला. येत्या मार्चमध्ये माझी पाळी. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये तो पंप ऑपरेटर होता. जमिनीखालून कुठला पाइप कुठं जातो, हे नकाशा न बघता सांगायचा. मी अकाउंट्समधला, म्हणून रहिवासी समितीचे कागद माझ्याकडे असत.

ब्याण्णवच्या दंग्यानंतर समितीनं घरोघर फॉर्म वाटले : ‘आपल्या वसाहतीला कशाचा धोका वाटतो?’ मी रकाने आखून बसलो. बहुतेकांनी ‘बाहेरचे लोक’ लिहिलं होतं. बाकीच्यांनी चोर, मोकाट कुत्री. नरहरनं एकट्यानं लिहिलं होतं, ‘शेवटच्या लाइनीमागं पिण्याचा पाइप नालीतून जातो. सडला आहे.’ तो फॉर्म मी ‘इतर’मध्ये टाकला. बैठकीत ‘इतर’ कुणी वाचलंच नाही.

तो घरी आला. “भालचंद्रभाऊ, आमची पोरगी सुमन येऊन राहिली बाळंतपणाला. त्याच्या आधी तेवढा पाइप बदलवा जी.”

“ठराव भिंत वाढवायचा झालाय, नरहर. पुढच्या वर्षी बघू.”

“बाहेरच्यांसाठी भिंत. आन् नालीचं पाणी आत येते, त्याचं?” तो हसला. “तुमचे रकाने मात्र एकदम सरळ, भाऊ.”

भिंत उंच झाली. नरहर घरात पाणी उकळू लागला. लोक त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून चिडवत. चैत्रात माझ्या बायकोनं, नलिनीनं, हळदीकुंकू केलं. सुमनला सातवा महिना होता. नलिनीनं तिला आग्रहानं दोन पेले पन्हं पाजलं. कैऱ्या उकडलेल्या होत्या, पाणी नळाचं.

महिन्याभरात कॉलनीत कावीळ पसरली. नरहरच्या घरात ती एकट्या सुमनला झाली. सुमन वाचली. बाळ राहिलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा नरहर एवढंच म्हणाला, “घरी तर उकळूनच पित होती, भाऊ.” पन्ह्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही.

मग पाइप पंधरा दिवसांत बदलला.

पुढच्या वर्षी समितीनं पुन्हा फॉर्म वाटले. नरहरचा कोरा आला. मी तो घेऊन त्याच्या क्वार्टरवर गेलो. “यंदा काहीच लिहिलं नाहीस?”

त्यानं फॉर्मची घडी घालून माझ्याच हातात परत ठेवली.

“लिहिलं होतं ना, भाऊ. मागच्या साली.”