अकोल्याच्या विहिरीवर न शिजलेली डाळ

मंडळी, अकोल्याबाहेर आम्ही पाहिलेल्या तिसऱ्या वस्तीतल्या विहिरीचं पाणीही खारंच निघालं. आज दुपारी बायकोने तुरीची डाळ लावून खात्री करून घेतली.

माझी अमरावतीहून बदली झाली आहे. वडिलांना मुतखड्याचा त्रास, आणि डॉक्टरांनी गोडं पाणीच द्या म्हणून बजावलंय. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून घर पाहायला आम्ही स्टोव्ह आणि पातेलं घेऊनच जातो.

तासभर उकळूनही दाणे टणकच राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कायले रॉकेल जाळता, बाई? आमची दोन वर्सांत शिजली नाही."

"मंग खाता काय?" बायकोने विचारलं.

"मुगाची."

सोबत आलेले वडील हसले नाहीत. "मले अमरावतीलेच राहू दे," एवढंच म्हणाले.

गोड्या विहिरीची वस्ती कुणाला ठाऊक आहे का? सोमवारी मला रुजू व्हायचंय. नाहीतर वडील बहुधा अमरावतीला एकटेच राहतील.