डेक्लनचं मनगट

डेक्लन गेला. आणि तो चुकत होता, असं मला आजही वाटतं.

नॉटिंगहॅममधला माझा शेजारी. आठवडाभर भिंतींना प्लास्टर करायचा, रविवारी आमच्या क्लबकडून गेलिक फुटबॉलमध्ये गोलकीपर.

आयरिश लोकांचा हा खेळ. चेंडू हातानेही, पायानेही. तिकडे स्टेडियम भरतं, तिकिटं विकली जातात, पण खेळाडू हौशीच राहायचा. पगार नाही. शंभराहून जास्त वर्षं हाच नियम.

मी भडकायचो. "तिकीट फाडणाऱ्याला पगार, काही मॅनेजरना टेबलाखालून पाकीट. ज्याचा गुडघा मोडतो त्यालाच काही नाही?"

"तुमच्या कबड्डीत देतात?"

"आम्ही खेळायचो तेव्हा जिंकलो तर स्टीलचा डबा. आता खेळाडूंचा लिलाव होतो."

"लिलाव? बैलांसारखा?" तो हसत सुटला. "मग तुझ्या गल्लीतला खेळाडू खेळतो कुणाकडून?"

"जो घेईल त्याच्याकडून."

"आणि गल्लीकडून कोण खेळतं?"

मी आवाज वाढवला.

मग एका मॅचमध्ये त्याचं उजवं मनगट मोडलं. सेल्फ-एम्प्लॉइड माणूस, आजारपणातला पगार, सिक पे कुठला? कित्येक आठवडे काम बंद.

क्लबच्या वार्षिक सभेत, एजीएमला, मी ठराव मांडला: खेळताना जायबंदी झालेल्याची बुडालेली कमाई क्लबने भरून द्यावी. भाषणाला गिरणी कामगारांपासून सुरुवात केली आणि शेवटी डेक्लनकडे बोट दाखवलं.

"बघा हा हात! हौशी म्हणजे उपाशी का?"

टाळ्या पडल्या.

मतदानात विरोधात पहिला हात वर गेला तो त्याचाच. डावा. उजवा गळ्यात अडकवलेला होता.

ठराव पडला.

कार पार्कमध्ये मी उसळलो, "अरे, तुझ्यासाठी बोललो मी!"

"भाषण छान होतं, मित्रा. पण माझा हात मला न विचारता दाखवलास. बायको समोर बसली होती माझी."

तेव्हाच सॉरी म्हणायचं होतं.

मी त्याला नियमाचा इतिहास सांगत बसलो.

पुढे चहा झाले, मॅच झाल्या, भांडणं तर रोजची. तो एक शब्द मात्र राहिला.

काल क्लबची माणसं पाळीपाळीने त्याला खांदा देत होती. कॅप्टनने मला पुढे ढकललं. "ये, तुझी पाळी."

ठराव मी पुन्हा मांडणार आहे, डेक्लन. या वेळी कुणाचा हात न दाखवता.

हे लिहितानाही तुला विचारलेलं नाही. सॉरी. त्या दिवसाबद्दलही.

नीट जा, मित्रा.