वळूची पेंढी

चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसायचा, परत डोळ्यांवर चढवायचा आणि म्हणायचं, "अजून न्हाय." आमच्या गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर हे करताना तुम्ही पाहिले असते, तर तुम्हीही माझ्यासारखे वैतागला असता.

पोट फुगलेली गाय अंग टाकायच्या बेतात असायची, मालक रडकुंडीला आलेला, आणि हे गृहस्थ तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवून निवांत. "अजून न्हाय." मग एकदम "आता" म्हणायचे आणि वायू काढायची नळी आत जायची. "लवकर टोचलं तर उगं भोक पडतंय, उशिरा टोचलं तर गाय जातीय," एवढंच त्यांचं शास्त्र. डॉक्टर आठवड्यातून एकदा तालुक्याहून यायचे. बाकीचे सहा दिवस दवाखाना यांच्यावर चालायचा.

मी तेव्हा गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दुष्काळातही छत्री घेतल्याशिवाय बाहेर न पडणारा माणूस, यावरून काय ते ओळखा.

बहात्तरच्या श्रावणात दवाखान्याला वरून पत्र आलं: चारा संपला असेल तर वळू लिलावात काढा. चार-पाच गावांत मिळून तेवढा एकच वळू होता. त्या साली त्याला विकत घेऊन कोण चारणार, आणि घेणारा त्याचं काय करणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"गावाकडं चारा मागा की," मी म्हणालो.

"सेक्रेटरी, माझ्या बापानं जळकोटाकडं दारोदार भाकरी मागितली. आमी बुद्ध झालो त्या दिवशी त्यानं भाकरीची पाटी चुलीत घातली. म्या कुणाच्या दारात मागायला उभा ऱ्हाणार न्हाय."



आमच्याकडं श्रावणात पत्ते खेळायची रीत आहे. त्या साली शेतात काम नव्हतं, म्हणून दवाखान्याच्या अंगणातल्या लिंबाखाली सगळं गाव जमलं. खेळ तीन पत्तीचा, पण पैशांवर नाही. प्रत्येकानं पाच पेंढ्या कडबा आणून ओसरीत टाकायचा आणि सारखे चिंचोके घेऊन बसायचं. चिंचोके संपले की उठायचं, शेवटी उरेल त्याचा कडबा. लिंबाची सावली एका फरशीवरून पुढच्या फरशीवर गेली की दर डावाला मध्ये टाकायचे चिंचोके दुप्पट व्हायचे. म्हणजे नुसतं धरून बसणाराही झिजायचाच. तीसेक जण बसले होते. कंपाउंडरांनी स्वतःच्या शेळ्यांचा कडबा आणून टाकला. मागायचं नसेल तर जिंकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी तिसऱ्या डावातच उठलो आणि त्यांच्या मागं जाऊन बसलो.

दिवसभर ते पत्ते पाहून खाली ठेवत होते. क्वचित खेळायचे, खेळले की घ्यायचे. उन्हं कलली तेव्हा चौघं उरले. दोघांकडं मूठभर चिंचोके होते. कंपाउंडर आणि किराणा दुकानदार अप्पा यांच्यापुढं मात्र मोठे ढीग, अप्पांचा किंचित जास्तच.

"त्या दोघांना आधी उठू द्या," मी कानात म्हणालो. "तोवर अप्पांच्या नादी लागू नका."

"सावली बघा की. फरशी बदलली की नुसतं बसायला मूठ मूठ जानार. बसूनबी सरतंयच, वळूच्या चाऱ्यावानी."

पुढच्या डावात त्यांनी पत्ते पाहिले. एक्क्यांची जोडी. चष्मा काढला, पुसला. "आता," म्हणाले आणि दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढं सरकवला.

दोघांनी पत्ते टाकले. अप्पा बराच वेळ पत्त्यांकडं पाहत राहिले. मग त्यांनीही ढीग सरकवला आणि पत्ते उघडले. ओळीनं तीन पत्ते: सत्ती, अठ्ठी, नव्वी. जोडीला वरचढ.

"कंपाउंडर, तुमी सरकवल्यावर मी भ्यालो बघा," अप्पा कपाळ पुसत म्हणाले. "जोडी असती तर टाकून दिली असती."

"म्हंजी वेळ बरोबर व्हती," कंपाउंडर म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी सगळा कडबा अप्पांच्या वाड्यात गेला. मला वाटलं, संपलं.

सकाळी ते माझ्या दारात. "चला." आम्ही अप्पांच्या दुकानासमोर गेलो. ते उंबऱ्याच्या अलीकडं थांबले. चष्मा काढला. पुसला. बराच वेळ पुसला. आत जावं की परत फिरावं, हे त्यांच्या मनात चाललं होतं, आणि चारा मागा म्हणून त्यांना इथं आणायला मीच कारण झालो, याची मला लाज वाटली. "परत जाऊ या," मी म्हणालो.

"आता," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "अप्पा, म्या मागायला न्हाय आलो, सांगायला आलोय. वळू गावाचा हाय. रोज पाच घरांनी एकेक पेंढी द्यायची. ज्यानं त्यानं दवाखान्यात आनून टाकायची, म्या उचलनार न्हाय. पहिलं घर तुमचं."

अप्पा गल्ल्यावरून उठले. "कालचा सगळाच पाठवू का?"

"कालचं तुमी जिंकलंय. एक पेंढी."

भर बाजाराच्या दिवशी अप्पा पेंढी डोक्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेले. लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहत होते.

सगळ्यांनी दिली असं नाही. काहींनी कंपाउंडरांना पाहून दार लावून घेतलं. पुढच्या पाळीला ते त्याच दारांपुढं पुन्हा उभे राहिले, पुन्हा तेच बोलले. पुढच्या साली नवी ज्वारी निघेपर्यंत वळू उभा होता. वरून दुसरं पत्र आलं तेव्हा "चाऱ्याची सोय आहे" हे उत्तर मी सोसायटीच्या शिक्क्यानिशी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच धाडस.

पुढं त्यांची वाशीला बदली झाली. तिकडंच ते वारल्याचं कार्ड आलं, मातीला जायलाही जमलं नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

श्रावणात लिंबाखाली आम्ही अजून बसतो. माझ्यापुढं कधीमधी ढीग मोठा होतो आणि माझे दोन्ही हात आपोआप त्याच्याभोवती जातात. सावली सरकत असते. मी चष्मा काढतो, पुसतो, "अजून न्हाय" म्हणतो. त्याच्या पुढचा त्यांचा शब्द मला अजून एकदाही म्हणता आलेला नाही.